उलटी तिरकी रेघ

चिन्हाच्या आधी रैयाने फळ्यावर
बर्फाचा रस्ता काढला,
ओउलूच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंत.
मध्ये सात खुंट्या, प्रत्येकीपाशी एक भोक,
प्रत्येक भोकाची मोजलेली जाडी.

"पाचव्या खुंटीचं यंत्र बिघडलंय, बत्तीस जास्त दाखवतं.
म्हणून यादीतून एकेक आकडा उचलला,
पाचवा आला तेव्हा वजाबाकी केली.
उत्तर बरोबर आलं
आणि वाऱ्यावर गेलं.
माझ्या हातात आकड्याची नक्कल होती.
यादी जशीच्या तशी.
फाट्यावरची पाटी म्हणाली: अठ्ठेचाळीस, या."

त्या दिवशी मासेवाल्या टाउनोची गाडी
पुढच्या चाकांवर खाली बसली.
टाउनो वाचला.
तीन खोकी मासे परत माहेरी गेले.
इतिवृत्त मी लिहिते, म्हणून हेही लिहिलं.

मग तिने चिन्ह काढलं:
नावाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ,
भिंतीला टेकवलेल्या स्कीसारखी.
ही असेल तर हे नाव म्हणजे तीच वस्तू,
इथे खोडलं की तिथे खोडलेलं.

हेइमोला रेघ नको होती.
"ती आधीच बाकीच्या चिन्हांचे अर्थ मोडायला लागते,
एकाच गड्याच्या गळ्यात किती कामं?"
त्याला शब्द हवा होता, उर्फसारखा,
जिभेवर बसणारा.
कोणीतरी म्हणालं, दिवसातून दोनशेदा टंकायचा शब्द
तिसऱ्या दिवशी शिवी होतो.
कॉफी दुसऱ्यांदा चढवली.

आउलिस शेवटी बोलला. वय एकाहत्तर,
या भाषेचा पहिला पार्सर त्याच्याच हातचा.
"चिन्ह कुठलंही घ्या. माझी भीती वेगळी.
आज माझा चल माझ्या घरात आहे.
उद्या कुणी लांब कोपऱ्यात बसून,
उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा,
माझ्या आकड्याला हात लावेल
आणि मला कडी वाजलेलीही कळणार नाही."

"म्हणूनच चिन्ह," रैया म्हणाली.
"कडी वाजावी म्हणून."

तो गोठलेल्या नदीकडे बघत राहिला.
मग, कोणी विचारलं नसताना:
"केर्टू गेल्यावर बँकेत गेलो.
खातं एक, नावं दोन.
बाईंनी तिचं नाव काढलं.
मला वाटलं, आता निम्मं जाणार.
काहीच गेलं नाही. गंमत आहे.
शेवटचं नाव पुसेपर्यंत वस्तू राहते.
तुझ्या प्रस्तावात हे नाही. लिही."

रैयाने लिहिलं. कलम नऊ.

मतं पडली चार, चार.
विषय पुढच्या बैठकीवर. मेमध्ये,
बर्फ वितळल्यावर.

बाहेर उणे एकोणीस.
फाट्यावर तिने गाडी थांबवली.
पाटी अजून अठ्ठेचाळीसच म्हणत होती.
काचेवर कागद धरला, मी टॉर्च धरला.
तिने जाड मार्करने लिहिलं: सोळा. थांबा.

"ही पण नक्कलच,"
चिकटपट्टी दातांनी तोडत ती म्हणाली.