दोष : काही नाही

लिस्बनला ट्रकवाल्यानं इंधनाची नळी जोडलीच नाही.
खिशात हात घालून उभा राहिला.
आधी पैसे, म्हणाला.
बेगोन्यानं स्वतःचं कार्ड काढून दिलं,
ज्यावर ती मुलीच्या दातांच्या तारेचे हप्ते भरायची,
आणि आम्ही एकशे चौसष्ट माणसं बिल्बाओला आणली.
कुणाला काही कळलं नाही.
उतरताना एका म्हातारीनं तर टाळ्या वाजवल्या.

त्याआधी कॉफी गेली होती.
मग साखरेच्या पुड्या मोजून मिळू लागल्या.
मग पगार, आधी आठवडाभर, नंतर दोन महिने,
येतो येतो म्हणत वाटेतच बसून राहिला.
हिशेबखात्यातली माणसं जिन्यात भेटली
की आमच्या बुटांकडे बघायची.
विमान खाली येऊ लागलं तर कॉकपिटमध्ये
सतरा आवाज ओरडून सांगतात.
कंपनीत तसलं यंत्र कुणी बसवलेलं नसतं.

माझा क्रमांक तीनशे अठ्ठ्याण्णव, तिचा एकवीस.
हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही.
नाताळला घरी कोण, पहाटे तीनची पाळी कुणाची,
डाव्या खुर्चीत कोण आणि कधी,
सगळं त्या आकड्यावर.
एकवीस व्हायला तिला तेवीस वर्षं लागली;
पुढचं कुणी निवृत्त होतं, कुणाचं हृदय दगा देतं,
तेव्हा आपण एक घर सरकतो.
पण उतरंडीतलं तळाचंच मडकं काढलं
तर आपण वरून कितवे होतो,
हे खापरांना कोण विचारतं?

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी तीन ओळींचं पत्र आलं.
सातव्या दिवशी विमानाच्या मालकांचा फोन,
मालक म्हणजे डब्लिनमधलं एक कार्यालय.
तेरुएलला पोचवाल का? रोख देऊ.

रिकाम्या विमानाला उडायची घाई असते.
धावपट्टी अर्धी संपायच्या आतच ते वर गेलं,
बेगोन्या हसली, तेवढ्यापुरती.
एब्रो ओलांडताना ती म्हणाली, उनाई, तू उतरव.
मी उतरवलं.
जरा आपटलंच.

तेरुएलच्या माळावर झाडं नाहीत, विमानं आहेत.
शेपट्यांवरची नावं खरवडलेली,
इंजिनांच्या तोंडाला चंदेरी कागद,
आणि वर गिधाडं, खरोखरची,
कुठल्याही उपमेशिवाय घिरट्या घालणारी.
तिनं नोंदवहीत शेवटची ओळ लिहिली.
दोष : काही नाही.
पेन परत खिशाला लावलं.
मग आम्ही साडेपाचची बस पकडली,
टोप्या मांडीवर घेऊन,
आणि ड्रायव्हरनं सुट्टे मागितले.

आता ती बुडापेस्टहून उडते.
एक्कावन्नाव्या वर्षी, उजव्या खुर्चीत, बाहीवर तीन पट्ट्या.
डावीकडचा कॅप्टन एकतीसचा आहे,
पोरगा चांगला आहे म्हणते, फक्त फार बोलतो.
क्रमांक : दोन हजार नऊशे सहा.

मी बेर्मेओहून गोठवलेल्या माशांची व्हॅन नेतो.
प्रशिक्षणाच्या कर्जाला आइतानं दुकान तारण ठेवलंय,
ते अजून अकरा वर्षं आमचं नाही.
सिम्युलेटरची तपासणी सहा महिन्यांनी शिळी होते, पावासारखी,
नवी करायची तर पैसे,
पैशासाठी नोकरी,
नोकरीसाठी तपासणी.
वळणावर पेट्या घसरतात तेव्हा
माझा उजवा पाय अजून रडर शोधतो.

काल तिचा फोटो आला.
आपलंच, तिनं लिहिलंय, दाराजवळचा ओरखडा बघ.
तोच होता.
वर हिरवा रंग, शेपटीवर कुठलासा ससाणा,
अल्माटीला निघालेलं, भरलेलं.

म्हणजे त्याला नोकरी लागली.
मी फोटो मोठा करून पाहिला, आणखी मोठा,
कॉकपिटच्या काचेवर ऊन पडलं होतं.
आत कोण आहे ते दिसलं नाही.
मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.