रतीब

आईनं मला सहा म्हशी दिल्या,
दोन किटल्या, मापं,
आणि खानापुरात स्टेशन रोडपासून
मलप्रभेच्या घाटापर्यंतची सत्तावीस घरं.
कुठल्या दारात कधी काय म्हणायचं
ते मात्र कुठं लिहून ठेवलं नव्हतं.

दसऱ्याला गुरुसिद्दव्वाच्या कट्ट्यावर
ती आपट्याचं पान नेत नसे. बन्नीचं नेई.
"बन्नी तगोंडु बंगारदांग इरोणरी."
आमच्या गल्लीतलं कन्नड, अर्धं ताकात कालवलेलं.
गुरुसिद्दव्वा पान कपाळाला लावी
आणि मराठीत म्हणे, "सोन्यावानी ऱ्हावा की गे बाय."
स्टँडवरच्या पाट्यांना डांबर फासलं त्या वर्षीसुद्धा
दोघींनी आपापली चूक सोडली नाही.

मी चौदाचा असेन.
मोहरमची दहावी, पंजांपुढं गर्दी, ताशे.
मला वाटलं सण तो सण.
मकानदारांच्या दारात किटली आपटून ओरडलो,
"चाचा, मोहरमच्या शुभेच्छा!"
चाचांनी दूध घेतलं. आत गेले.
बाहेर येऊन सरबताचा पेला हातात दिला,
माझं पिऊन होईस्तोवर तिथंच उभे राहिले.
घरी आई म्हणाली,
"त्या दिवशी सरबताला एक माप वर घालायचं
आणि गप परत यायचं.
माणसं रडतात तिथं शुभ काय असतंय रे?"

तसंच गुड फ्रायडेला, बार्रेटोबाईंच्या फाटकाशी.
किटलीची कडी कापडात गुंडाळायची.
दोन दिवसांनी, रविवारी, मात्र रस्त्यावरूनच हाक घालायची,
सगळ्या गल्लीनं ऐकावं अशी.

सगळ्यांत अवघड जिनगोंडा मगदूम.
भाद्रपदात त्यांचे दहा दिवस संपले की
तेच घरी येत, शहाऐंशी वर्षांचे, काठी टेकत,
दूधवालीसमोर हात जोडत:
"उत्तम क्षमा. वर्षभरात बोललो असेन काहीबाही."
'असू दे' म्हणावं तर आपण मोठे होतो,
'छे, काही नाही' म्हणावं तर त्यांचा फेरा फुकट.
आई पदराला हात पुसत म्हणाली,
"मलाही करा, अण्णा.
पावसाळ्यात किटलीचं झाकण नीट बसत नाही माझ्या."
अण्णा ठसका लागेपर्यंत हसले.
रतीब सोडला नाही.

श्रावणात आई गेली.
वसुबारसेला गोठ्यात एक पणती, तेवढंच.
नरक चतुर्दशीला पहाटे निघालो तेव्हा
मनाशी उत्तर जुळवत होतो:
'आमच्यात यंदा सण नाही.'
सत्तावीस वेळा म्हणावं लागेल, वाटलं.

एकदाही लागलं नाही.
भांडी पुढं आली, दूध पडलं.
गुरुसिद्दव्वानं नातवाच्या हातातली पेटती फुलबाजी
मी वळेपर्यंत पाठीमागं धरायला लावली,
पोराच्या चड्डीला भोक पडलं असणार.
बार्रेटोबाईंनी फाटक स्वतः उघडलं,
कडी हातानं दाबून.

पाडव्याला दारात हलीमाबी, चाचांची सून.
स्टीलचा डबा, वर फडकं.
"यंदा कढई चढवत नाहीत म्हणे तुमच्यात.
गुरुसिद्दव्वाला विचारलं मी.
लाडू कडक झालेत. पहिल्यांदाच केले."
पुढं आणखी काही म्हणायचं असावं तिला,
ओठ हलले.
म्हणाली एवढंच:
"डबा सावकाश दे."

संध्याकाळी धारा काढून झाल्यावर उघडला.
खरंच कडक होते.
दुधात बुडवून खाल्ले.