चेन, रनर, हँडल

मे महिन्यात आमच्याकडे बॅगा येतात
लग्नघरच्या पाहुण्यांसारख्या, न सांगता, एकावर एक.
बोहरी आळीच्या तोंडाशी सहा बाय चारचं दुकान,
पाटी एवढीच: चेन, रनर, हँडल, चाक. उधारी नाही.

शिवण्याआधी मी प्रत्येक बॅग उलटी करून झटकते.
पडते तारकर्लीची वाळू, पिठीसाखरेसारखी,
देवदाराच्या दोन सुया, हॉटेलातला साबण कागदासकट,
लहान पोरीचा एकच मोजा,
आणि जेजुरीचा भंडारा,
जो कितीही झटकला तरी जात नाही.
तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या अस्तराला लागतो,
आणि सिंगापूरला निघालेल्या मॅडमना कळतही नाही
की खंडोबा बरोबर निघालाय.

सापडेल ते पाकिटात घालून पावतीला टाचते.
वाळू कोणी परत मागत नाही.

लोक विचारतात, काकू, तुम्ही कुठे कुठे फिरलात?
हे मशीनवरून मान न उचलता सांगतात,
"सगळीकडे. फक्त गेलो नाही."

एकदा गेलो होतो.
एक्याण्णवची दिवाळी सरली होती, मला भिशी लागली होती,
स्वारगेटहून गुहागरची एसटी,
ज्योत्स्ना चार वर्षांची, माझ्या मांडीवर,
तिच्या मांडीवर फिरकीचा तांब्या.

समुद्र पाहिला. होता. मोठा होता.
खरं सांगू, त्याचं फारसं काही आठवत नाही.
आठवतो कुंभार्ली घाट.
परतीला तिथे गाडी धापा टाकून बसली
आणि कंडक्टर म्हणाला, दुसरी येईल चिपळूणहून,
कधी ते विचारू नका.

साडेचार तास.
ह्यांच्या हातात सुई नाही, पायाखाली पायटा नाही.
हात आधी खिशात घातले, मग पाठीमागे,
शेवटी गवताची काडी उपटून ज्योत्स्नाला अंगठी वळली.
तिलाही दुहेरी टाका.
एका बाईने पिशवीतून फणसपोळी काढली,
तिचं नाव विचारायचं राहून गेलं.
दरीतून वारा वर चढत होता,
खाली कुठे तरी गुरांच्या गळ्यातली घंटा,
आणि हे शेजारच्या दगडावर, लेंगा दुमडून,
लग्नाला सहा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा विचारते झाले,
"तुला काय काय आवडतं गं?"

मी म्हटलं, "हे."

त्यांना वाटलं, फणसपोळी.
उठून आणखी एक तुकडा मागून आणला.

आता ज्योत्स्ना मोबाइलवर दाखवते
व्हिएतनाम, काश्मीर, सहा रात्री सात दिवस, नाश्ता धरून.
आई, एकदाचं ठरव.
ठरवलंय. पावतीपुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर यादी आहे.
हंपी, कारण तिथली धूळ बॅगेत येते, देवळं येत नाहीत.
जैसलमेर, वाळू ओळखीची झालीये म्हणून.
बर्फ, कुठलाही चालेल. तो कधीच कोणाच्या बॅगेत सापडला नाही.
आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित,
कुंभार्लीचं ते वळण.

तिथे थांबा नाही.
काय सांगून उतरायचं, एवढाच प्रश्न.
"उलटी येतेय म्हणू," हे म्हणतात.

आणखी एक प्रश्न बॅगेचा.
आमच्या बॅगेची चेन दोन हजार तीनपासून तुटकी आहे,
हसू नका, वेळ कोणाला होता.
पण सातशे बारा नंबरची, कोणा अरगड्यांची, निळी,
अडीच वर्षं फळीवर बसून आहे. फोन लागत नाही.
झटकली तेव्हा तिच्यातून काहीच पडलं नव्हतं,
खडा नाही, तिकीट नाही.
कुठेच गेली नसावी बिचारी.

तर शनिवारी शटरवर हे चिकटवून निघतोय,
अक्षर ह्यांचं, मजकूर माझा:

"दुकान सोमवारपर्यंत बंद.
पावती क्र. ७१२: आपली बॅग आमच्याबरोबर घाटात गेली आहे.
न्यायला येण्याची घाई करू नये.
आजवर केली नाहीत, तशीच."