तान रुई

आडनाव आधी सांगतात त्यांच्यात.
म्हणाली, तान. मग थांबून, रुई.
मी हसले. म्हटलं, बाई,
तान आमच्याकडं उन्हातून आल्यावर लागते
आणि रुईची माळ शनिवारी मारुतीच्या गळ्यात.
तिनं फोनला विचारलं. फोन भलतंच काही बोलला.
दोघी हसलो, वेगवेगळ्या गोष्टींना.

रावेत, बी विंग, चारशे चार.
चाकणच्या कंपनीनं घेऊन दिलेला फ्लॅट,
आणि ही लिफ्टमध्ये पाचचं बटण दाबून
एक जिना उतरून घरी यायची.
तिच्या भाषेत चार म्हटलं की मरण ऐकू येतं.
मी म्हटलं, छे, आपला चार चांगला.
चार घास, चार पैसे,
पाहुण्याला म्हणतो, राहा की चार दिवस.
बोलता बोलता आठवलं,
खांदाही चौघांचाच असतो.
ते नाही सांगितलं. कणीक मळत राहिले.

पाणी प्यायची ते कढत.
मे महिना, पंखा गरगरतोय,
हिच्या हातात वाफेचा पेला.
चिंचवडच्या बाजारातून माठ आणून दिला,
तर त्यात तिनं कोथिंबिरीची जुडी उभी केली.

पहिल्याच महिन्यात एकदा
भातात चमचा उभा खोचून मी वाटी पुढं केली.
तिनं तो काढला, आडवा ठेवला,
आणि दुपारभर गप्प.
दुसऱ्या दिवशी फोनमधल्या बाईचा कोरडा आवाज:
मेलेल्यांच्या भातात उदबत्ती अशी लावतात.
मला इंद्रायणीचा घाट दिसला,
सासूबाईंचा दहावा, भाताचा गोळा,
कावळा शिवेना म्हणून ताटकळलेले पाहुणे,
आणि दीर सारखा माझ्याकडं बघतोय,
जणू म्हातारीचा राग माझ्याच पदराला बांधलाय.
मी फोनकडं तोंड करून म्हटलं,
सांग तिला, कळलं.
आमचाही भात असतो.

सोसायटीचे नियम तिला कुणी सांगितले नव्हते.
आमची लिफ्ट मागची, कचऱ्याच्या डब्यांशेजारची.
ती मला हाताला धरून पुढच्या लिफ्टमध्ये घेऊन गेली.
चारशे एकच्या सबनीसबाईंनी आरशात बघत विचारलं,
तिला नाही, मला,
ही बेडूक खाते का गं?
म्हटलं, मेथी खाते. लसणावर परतून, देठासकट.
तेवढ्यात तान रुईनं मी शिकवलेलं मराठी काढलं:
जेवलात का?
त्यांच्यात भेटलं की असंच विचारतात म्हणे.
माझ्या माहेरीही.
सबनीसबाई तिसऱ्या मजल्यावरच उतरल्या.

एक तारखेला पाकीट.
दोन्ही हातांनी धरलेलं, मान जराशी लववून.
मला वाटलं, गेलं काम, आत चिठ्ठी असणार.
सतरा वर्षं पगार घेतेय मी,
फ्रिजवर ठेवलेला,
चपलांच्या कपाटावर ठेवलेला,
डाव्या हातानं, उजव्या कानाला फोन,
एकदा तर कुत्र्याच्या पट्ट्याबरोबर गुंडाळून आलेला.
मी उजव्याखाली डावा हात धरला,
तीर्थाला धरतात तसा.
घरी जाऊन मोजले. तेवढेच होते.

व्हिसा वाढला नाही.
आयुक्तालयात चार खेपा झाल्या,
चारच, मी मोजत होते.
दिवाळीच्या आधी गेली. फराळ करायचा राहिला.
जाताना थर्मास दिला, अर्थात दोन्ही हातांनी.

आता चारशे चारमध्ये नांदेडकडची दोन मुलं आहेत.
पगार फोनवर येतो,
पीठ लागलेल्या बोटांना ते आकडे उघडत नाहीत.

रात्री तान लागली की उठते,
थर्मासचं झाकण फिरवते.
वाफ येते अजून.
खरं सांगू, चव काही नाही त्या पाण्याला.