अजनीची रनिंग रूम

कूलरचं पाणी आटलेलं, मे महिना.
उईके मामा पत्ते पिसतात:
"तीन पत्ती विसर पहिले.
दोन पत्ते तुह्ये,
पाच साऱ्यांचे, उताणे."

पैशाच्या जागी चिंचोके.
जोडी लागली न् मी हसलो;
मामांनी पत्ते टाकले.
"दात दाखवून खेळतं का बे?"

फ्लश, स्ट्रेट, फुल हाउस
सिग्नलसारखं घोकतो मी,
पण तिकडे लाल म्हणजे थांब
न् इथं पाच बदाम जमले की सुट.

अडीचला इटारसीच्या मालगाडीची हाक आली.
बूट चढवता चढवता मामांनी
सारे चिंचोके मधे सारले.
मी मोजलं, भ्यालो, सोडलं.

पाठ वळताच हळूच उलटवले:
किलवर दुर्री, चौकट सत्ती.

जिन्यावरून आवाज,
"पाहाचे चिंचोके पडतात बे!"