सातवं गाणं, दुसरा टेक

डबा पोचला दुपारी. कुरियरवाला
घरकुलात तासभर दारं मोजत हिंडला म्हणे.
आत दोन चकत्या, एक गुळगुळीत पुस्तिका,
नव्या चादरीसारखा वास तिला.
वर मायराचा फोटो, त्या वेळचा,
केस उडालेले. टेबलफॅन मी धरला होता,
फोटोबाहेर, डाव्या अंगाला.

खाली नाव: 'राहिलेलं'.
अप्रकाशित आणि दुर्मिळ. एकोणीस गाणी.
भाच्यानं मागवला, किंमत सांगेना.
किती हजार विड्यांचा, ते मी मनात लावलंच.
दुर्मिळ म्हणजे काय रे, विचारलं.
जे सहसा मिळत नाही ते, मावशी.
मग आमच्या नळाला म्हणावा हा शब्द.

मायरा म्हणजे वरलक्ष्मी. म्याकलांची.
दाजी पेठेत पुढं दुकान, मागं चार माग,
वर माळ्यावर तिच्या मामाचा स्टुडिओ:
भिंतीला अंड्यांचे ट्रे, दाराला दुहेरी चादर,
तरी मागांचा ठोका जमिनीतून पायात चढायचा.
शेवटी ढोलकवाला म्हणाला, ह्याच्याच तालात बसवू.
पहिली सहा गाणी तशीच बसलीत.
पुस्तिकेत छापलंय, 'प्रायोगिक तालवाद्य'.
मागावरचा यल्लप्पा हसला असता.
असता तर.

मुंबईच्या कंपनीनं पुढं सगळं नव्यानं केलं.
माग काढले, मला काढलं,
तेलुगू कडवं काढून त्या जागी
'येस येस' घातलं, तीन वेळा.
ती कॅसेट गड्ड्याला आकाशपाळण्यापाशी
दिवसभर वाजायची. मी भजी खात ऐकली.
माझी जागा मला ठाऊक होती ना,
तिथं आलं की चावायचं थांबायची.

राग? आला की.
पण सूप मांडीवर असलं की
तावातावानं उठता येत नाही,
तंबाखू सांडते.

आता सातवं. दुसरा टेक.
आधी खरखर. कुणीतरी खाकरतं, मामाच असणार.
मग वरलक्ष्मी, गाण्यातली नव्हे, घरातली:
'ए कस्तू, मागं सर की गं, माईक खायलीस.'
आणि मी हसते. फिस्सकन.
चोवीस वर्षांची, दोन वेण्या घालणारी मी.
मग एक, दोन, आणि आम्ही दोघी.

सूर माझा जरा चढाच लागलाय.
दुसऱ्या कडव्यात तिला श्वास पुरत नाही,
तेवढं मी ओढून धरलंय
आणि ती परत आल्यावर हळूच सोडून दिलंय.
तेव्हा हे कुणाला कळलं नव्हतं.
मलाही नाही.

पुस्तिकेत बोट लावून शोधलं.
बासरी: भूमय्या गड्डम. कीबोर्ड: इलियास शेख.
चहा देणाऱ्या पोराचंसुद्धा नाव आहे, शेवटी, आभारात.
सहगायिका: अज्ञात.

भाचा तापला. कंपनीला लिहितो म्हणाला,
पुरावा मागितला तर आधार कार्ड जोडू.
म्हटलं, आधारवर मी कस्तुरबाई सिद्राम हत्तुरे.
गाण्यात तिला कोण ओळखतं?

वरलक्ष्मीला फोन लाव म्हणाला.
तिचा नंबर कुणाकडंय आता.
असला तरी काय बोलायचं,
आणि सुरुवात कुठल्या नावानं करायची?

पुरावा आहे की.
सात नंबर, अकरावा सेकंद.
कापायचं राहून गेलं त्यांच्याकडून.

परत लाव, म्हटलं.
त्यानं लावलं.
खरखर, खाकरणं,
'मागं सर की गं,' ती म्हणाली,
आणि मी, सूप मांडीवर घेऊन,
खरंच सरकले
भिंतीपर्यंत.