जंबेरीचा खुंट

कोर्टाचा आदेश मंगळवारी आला, माणसं बुधवारी.
वरूडच्या दवाखान्यात, खोली नंबर चार.
तीन फोटो, तीन अंगठे.
पोराचा अंगठा शाईत बुडवला तेव्हा
तो हसला. बाकी कुणी नाही.

पुंजाराम शेंदुरजन्याच्या नर्सऱ्यांत कलमा बांधतो.
सही करताना आधारकार्ड त्यानं दातांत धरलं,
डोळा बांधायची पट्टी धरावी तसं.
दंडाला रबर आवळलं तर म्हणाला,
"घट्ट बांधा बाई, सैल रायलं का डोळा मरते."

ललिताची शीर पहिल्याच सुईला सापडली.

"रक्तात नाव रायते काय?"
नाव नाही, आकडे असतात.
वीस-बावीस ठरलेल्या जागा, दर जागी दोन आकडे.
आईकडून आलेला आधी बाजूला काढतात,
उरलेला तुमच्या दोहोंपैकी एक निघायला हवा.
एके ठिकाणी नाही जुळला तर थांबतात, पुन्हा बघतात,
बीज उतरतानाही कधी चुकतं.
चार-पाच ठिकाणी नाही जुळला, तर संपलं.

"आन् सारे जुळले, तं शंभर टक्के?"
नव्याण्णव, मग टिंब, मग नऊच नऊ.
"शंभर काहून नाई?"
जगातला प्रत्येक पुरुष या खुर्चीत बसून गेलेला नाही,
म्हणून.
होकाराला टिंब लागतं,
नकाराला लागत नाही.

बराच वेळ तो कापूस दाबून बसला.
"आमी जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा लावतो.
मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं.
थे झाड कोनाचं, सांगन काय तुमची मशीन?"
सांगेल. जिथलं पान द्याल, तिथलं सांगेल.

तेव्हा ललिता बोलली, खिडकीकडे बघतच:
"डोळा बांधताना खुंटाले कोनी इचारते काय?"

फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.
मी नळ्यांवर नावं लिहिली, लाख लावली.
हवालदार बर्फाचा डबा मांडीवर घेऊन
नागपूरच्या एसटीत बसला.
निकाल आमच्याकडे येत नाही.
पाकीट थेट कोर्टात जातं, तिथंच फुटतं.

थंडीत एकदा शेंदुरजन्याच्या रस्त्यानं जाताना
खुंटांच्या ओळीत ते पोरगं दिसलं,
उकिडवं बसलेलं,
दातांत प्लॅस्टिकची पट्टी.
त्याच्यापुढे कुणीतरी वाकून डोळा बसवत होतं.
मी मान वळवली,
पण मधे ट्रॅक्टर आला.